बापूंचा जनरेटर आणि समोरचा बल्ब

"मिक्सरला जागा आहे का?" माईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," मागच्या अंगणातून बापूंचा आवाज आला. "गाडी फुल्ल आहे."

"अहो, एका थांब्यापुरताच. लगेच उतरेल."

"आधी फ्रीज उतरव, मग मिक्सर चढव. दारात गर्दी करायची नाही."

माईंनी कपाळाला हात लावला आणि फ्रीजचं बटण बंद केलं. अंगणातून घंटा दोनदा वाजली, तेव्हा कुठे मिक्सर फिरला.

बापूंची उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती. निवृत्त होताना तिकिटांची पेटी त्यांनी इमानदारीनं परत केली, पण डोक्यातली बस परत करायची राहूनच गेली. घरात डिझेलचा जनरेटर आला आणि ती बस पुन्हा रस्त्यावर धावू लागली. जनरेटर म्हणजे गाडी आणि घरातली यंत्रं म्हणजे प्रवासी. दिवे ही कडेवरची पोरं, त्यांना तिकीट नाही. फ्रीज हा दोन जागा अडवून बसणारा धिप्पाड गृहस्थ. पाण्याचा पंप चढला तर बाकी सगळ्यांनी मुकाट्यानं खाली उतरायचं, आणि इस्त्रीला तर पायरीवरसुद्धा उभं करायचं नाही. अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी दोरी ओढून तिला एक पितळी घंटा बांधली होती. घंटा एकदा वाजली की जे चालू असेल ते बंद आणि दोनदा वाजली की पुढे चला.

माई या सगळ्याला सर्कस म्हणत. मात्र जनरेटर घेण्याच्या बाबतीत त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या, कारण तो कशासाठी आणला हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी चिमी बरेच दिवस नोकरी शोधत होती. मागच्या वेळी घरून कॉम्प्युटरवर मुलाखत चालू असताना ऐन उत्तराच्या मध्यात लाईट गेली. पुन्हा फोन लावला तेव्हा "कळवतो" असं उत्तर मिळालं आणि कुणी काही कळवलं नाही. चिमी "हरकत नाही" म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. नळ एवढा वेळ कशाला वाहतोय हे बापूंना कळलं. त्याच आठवड्यात जनरेटर अंगणात आला.

आज चिमीची पुन्हा मुलाखत होती. मालवाहू गाड्यांची कंपनी, आणि कुठली गाडी कुठे पाठवायची ते ठरवण्याचं काम. लाईट सकाळीच गेली, पण बापूंनी काळजी केली नाही. काळजी होती ती आवाजाची. जनरेटर चालू असला की अंगणात उभ्या माणसाला स्वतःचं शिंकणंही ऐकू येत नसे. म्हणून बापूंनी घरातल्या गाद्या काढून त्याच्याभोवती तीन बाजूंनी भिंत उभी केली. आवाज दबला, पण यंत्र तापू लागलं. मग चौथ्या बाजूला टेबलफॅन लावला. आता जनरेटर आपल्याच कमाईचा वारा खात निवांत धडधडत होता.

"झोपायचं कशावर?" माईंनी विचारलं.

"आधी पोरीची मुलाखत होऊ दे. मग मी उभ्यानं झोपेन."

बापूंची दूरदृष्टी एवढ्यावर थांबली नव्हती. गल्लीच्या कोपऱ्यावर वेल्डरचं दुकान होतं आणि त्याचं ग्राइंडर सुरू झालं की भांड्यांना कापरं भरे. बापूंनी सकाळीच जाऊन त्याला गळ घातली. वेल्डर भला माणूस. "ताईंची मुलाखत आहे ना? मग आज दुकान बंद," म्हणाला आणि शटर ओढून सासुरवाडीला निघून गेला. आपण सगळा बंदोबस्त चोख केला या समाधानात बापू घरी आले.

राहता राहिला एकच प्रश्न, आणि त्याचंही उत्तर बापूंकडे होतं. चेंजओव्हरची दांडी एकदा जनरेटरकडे ओढली की बाहेरच्या लाईटचा आणि घराचा संबंध संपे. मग लाईट आली हे कळायचं कसं? समोर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या ओसरीवर एक बल्ब होता आणि त्याचं बटण ते कधीच बंद करत नसत. तो बल्ब लागला की लाईट आली. बापू लगेच इंजिन थांबवत आणि दांडी फिरवत. आजवर या हिशेबात कधी चूक झाली नव्हती.

पोस्टमास्तर हा गल्लीतला सगळ्यांत सावध माणूस. मागे एकदा लाईट आली तीच झटक्यानं, आणि त्यांचा टीव्ही धूर सोडून गेला. तेव्हापासून ते विजेला पाहुण्यासारखं नव्हे, सावकारासारखं वागवत, आणि त्यांचं बघून अख्खी गल्ली तसंच करू लागली होती. आज ते जेवण उरकून बापूंच्या अंगणात आले ते हातात मोबाइल घेऊन.

"कंडक्टर, एवढा एक चढवा. मरायला टेकलाय."

त्यांच्यामागून शेजारचे चार फोन आले. मग एक दाढीचं मशीन आलं. मग कुणीतरी बर्फाचे डबे आणून फ्रीजमध्ये ठेवून गेलं. माई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." पण हात दाखवणाऱ्या माणसासमोरून गाडी पुढे नेणं बापूंना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं.

मुलाखत सुरू झाली. खिडकीतून चिमीचा आवाज येत होता, स्वच्छ आणि न अडखळणारा. बापूंनी पोस्टमास्तरांना शेजारी खुर्ची दिली आणि समोरच्या ओसरीवर डोळे लावून बसले. बल्ब काही लागेना. पोस्टमास्तर मान तिरकी करून बसले होते.

"काय ऐकताय?" बापूंनी विचारलं.

"काही नाही, तुमचं इंजिन. छान चाललंय."

बापूंना बरं वाटलं. कौतुकाच्या भरात त्यांनी टाकीत काठी बुडवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. काठीचं टोक तेवढं ओलं झालं होतं. शिल्लक डबा उचलला, तर तो सकाळीच टाकीत रिकामा झालेला. बर्फ, फोन आणि दाढी, सगळ्यांनी मिळून डिझेल पिऊन टाकलं होतं.

"पोस्टमास्तर, डिझेल संपत आलंय."

"आता येईलच हो लाईट. मीही तिचीच वाट बघतोय."

बापूंनी घंटेला हात लावला नाही. घंटा वाजली तर चिमीला वाटेल, आपणच उतरायचं. ते पावलं न वाजवता आत गेले आणि एकेका प्रवाशाला हाताला धरून खाली उतरवू लागले. फ्रीज गेला. पंखे गेले. पोस्टमास्तरांचा फोन गेला. दाढीचं मशीन गेलं. शेवटी गाडीत दोघंच राहिले, चिमीचा कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा. कॉम्प्युटरची बॅटरी केव्हाच मेलेली होती, त्यामुळे दोघंही वायरीच्या भरवशावर. इंजिन एकदा खोकलं. बापूंनी टेबलफॅनही काढला आणि पुठ्ठा घेऊन स्वतःच वारा घालू लागले.

"म्हाताऱ्या आईची सेवा कधी एवढी केली नाहीत," माई म्हणाल्या, पण दुसरा पुठ्ठा घेऊन त्याही पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या.

इतक्यात फाटकाशी सायकल लागली. खांद्यावर दोर टाकलेला वायरमन आत आला आणि गाद्यांच्या किल्ल्याकडे, पुठ्ठ्यांकडे आणि दोघा नवरा-बायकोकडे बघत उभा राहिला.

"गल्लीत लाईट आहे ना?" त्यानं विचारलं.

"असती तर हे केलं असतं का?" माई म्हणाल्या.

"अहो, जेवणाच्या आधीच सोडलीय मी. पण तुमच्या गल्लीचा लोडच दिसत नाही. एक बल्बसुद्धा ओढत नाहीये. म्हटलं, तार तुटली की काय."

बापूंनी पुठ्ठ्यानंच समोर दाखवलं. "सोडलीस तर तो बल्ब का लागला नाही?"

"तो कसा लागेल?" पोस्टमास्तर म्हणाले. "लाईट गेली की मी मेन स्विच पाडतो. अख्खी गल्ली पाडते. झटका बसायला नको."

"मग वर कधी करता?"

"लाईट आली की."

"आणि ती आली हे कळतं कसं?"

"हे काय विचारणं झालं? तुमचं इंजिन बंद झालं की."

बापूंचा हात हवेतच थांबला. "पोस्टमास्तर, मी इंजिन बंद करतो ते तुमचा बल्ब लागला की."

इंजिन तेवढं दुसऱ्यांदा खोकलं.

"मग इतके दिवस जमलं कसं तुमचं?" वायरमननं विचारलं.

पोस्टमास्तर विचारात पडले. "खरं म्हणजे पहिलं ओरडतं ते वेल्डरचं ग्राइंडर. तो पठ्ठ्या स्विच पाडत नाही. ते ऐकून मी उठतो आणि स्विच वर करून बघतो. तुमचं इंजिन थांबलं की मग खात्री पटते. आज ते ओरडलं कसं नाही कोण जाणे."

बापू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," माई म्हणाल्या. "आता उभे काय राहिलात? फिरवा ती दांडी."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. दांडी एकीकडून दुसरीकडे नेताना क्षणभर घर पुरतं अंधारणार. कॉम्प्युटर बंद पडणार, इंटरनेटचा डबाही झोपणार, आणि तो पुन्हा जागा व्हायला आळशी पोरासारखा वेळ घेतो. म्हणजे पुन्हा ऐन उत्तराच्या मध्यात तेच. बापूंना न्हाणीघरातला तो नळ ऐकू येऊ लागला. आणि दांडी नाही फिरवली, तर डिझेल संपून इंजिन आपणहून मरणार, तेही न सांगता. जन्मभर त्यांनी एकाही प्रवाशाला न सांगता खाली उतरवलं नव्हतं.

त्यांनी दोरी धरली आणि घंटा एकदाच वाजवली.

खिडकीतला आवाज थांबला. मग चिमी शांतपणे म्हणाली, "सर, माफ करा. आमची गाडी बदलायची वेळ झालीय. मी दोन मिनिटांत दुसऱ्या गाडीनं येते." आणि कॉम्प्युटर बंद केल्याचा आवाज आला.

पोस्टमास्तर स्विच वर करायला धोतर सावरत घराकडे पळाले. बापूंनी दांडी फिरवली. घरात काहीच लागलं नाही. समोरच्या ओसरीवरही नाही.

"स्विच वर केलाय," पोस्टमास्तर रस्त्यापलीकडून ओरडले, "पण लाईट नाही."

"अरे, लाईट सोडलीस म्हणालास ना?" बापूंनी मागे वळून विचारलं. वायरमन तिथे नव्हताच. तो विजेच्या खांबावर होता.

"तार तपासतोय," त्यानं वरून सांगितलं. "फ्यूज काढून ठेवलाय."

"बाबा रे, तार चांगली आहे. आम्हीच बिघडलेले आहोत. घाल तो फ्यूज."

वायरमननं खांदे उडवले आणि फ्यूज घातला. पोस्टमास्तरांची ओसरी उजळली. अंगणात इंजिन अखेरचं खोकलं आणि गप्प झालं. त्याबरोबर, ठरल्याप्रमाणे, गल्लीतल्या घराघरांत मेन स्विच वर झाले आणि पंखे, रेडिओ, पंप यांचा एकच गलका उठला. बापू खिडकीखाली बसून राहिले. आत इंटरनेटच्या डब्याचा दिवा आधी लाल झाला, मग बराच वेळ लालच राहिला, आणि एकदाचा हिरवा झाला. चिमीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मध्येच तिकडून कुणीतरी मोठमोठ्यानं हसत असल्याचं ऐकू आलं. बापूंना ते लक्षण काही ठीक वाटेना.

बऱ्याच वेळानं चिमी बाहेर आली.

"हसत का होते ते?" बापूंनी विचारलं.

"घंटा कसली म्हणाले. मग सगळं सांगावं लागलं. पंप चढला की बाकीचे का उतरतात, मिक्सर एका थांब्यापुरता कसा घ्यायचा, इस्त्रीला का घ्यायचं नाही."

"झालं. म्हणजे कळवतो म्हणाले असतील."

"नाही. म्हणाले, आमच्याकडे गाड्या पुष्कळ आहेत, पण कुणाला कधी चढवायचं आणि कधी उतरवायचं हे कळणारं माणूस नाही. सोमवारपासून या." तिनं बापूंच्या हातातला पुठ्ठा घेतला आणि त्यांनाच वारा घालू लागली. बापूंना भरून आलं. डोळ्यांत धूर गेला असं ते म्हणाले, पण इंजिन बंद पडून केव्हाचंच थंड झालं होतं.

माईंनी सगळ्यांना चहा दिला. चहा पिता पिता बापू आणि पोस्टमास्तरांनी असला घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून गंभीरपणे विचारविनिमय केला.

"आपण एकमेकांवर विसंबून राहिलो, तिथेच चुकलं," पोस्टमास्तर म्हणाले.

"बरोबर. यापुढे लाईट आली की मी अंगणातली घंटा वाजवीन. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल. मग सगळ्यांनी स्विच वर करायचे."

"उत्तम. इंजिनाकडे कान लावून बसायला नको. पण लाईट आली हे तुम्हाला कळेल कसं?"

"त्यात काय," बापू म्हणाले. "तुमचा बल्ब आहे की समोर."

दोघांचंही समाधान झालं आणि त्यांनी आणखी अर्धा अर्धा कप चहा मागितला. माईंनी तो दिला. मग पदर खोचून त्या फाटकापाशी गेल्या आणि सायकलवर टांग टाकणाऱ्या वायरमनला थांबवून म्हणाल्या, "जाताना वेल्डरच्या घरी एक निरोप दे. म्हणावं, यापुढे आमच्याकडून कुणीही आणि कितीही विनवण्या करू दे, दुकान बंद ठेवायचं नाही."