टिटवीने घरटे का सोडिले त्याची हकीकत

श्री माळजाई रक्षण करो. शके पंधराशे सत्त्याण्णव, राक्षसनाम संवत्सरे, वैशाख मासी ओढ्याकाठच्या माळावर पक्ष्यांचे राज्य होते, त्याची हकीकत जैसी कानी आली तैसी लिहिली असे. गादीवर मोरमहाराज, कारभारी बगळोपंत आणि चौकीवर टिटवीबाई. राज्यात शिरस्ता ऐसा की, चौकीवरून हाक जाहली म्हणजे ज्याने त्याने धावत घरट्यावर जावे आणि अंड्यांवर पंख पसरून उभे राहावे. वाडवडिलांपासून चालत आले, सबब कोणी विचार केला नाही. त्या साली कोल्हा आला, टेकाडावर बसून एकदा भुंकला, आणि सारे राज्य आपापल्या अंड्यांवर उभे राहिले, आणि कोल्ह्याने जागा मनात धरिल्या, मग सवडीने एकेक घर धुऊन नेले. लाव्याचे गेले, तित्तिराचे गेले. दरबार काय शहाणा म्हणावा! फर्माविले की, उभे राहण्यात कसूर जाहली, यापुढे अंडी सोडील तो राजद्रोही.

टिटवीबाईंनी चौकीवरून कोल्ह्याची नजर पाहिली होती. त्यांचीही चार अंडी गोट्यांमधल्या गवताच्या घरट्यात होती. मग त्या बगळोपंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "पंत, आपणच त्याला अंडी दाखवितो हो." पंत एका पायावर उभे, डोळे मिटलेले. बोलिले, "बाई, आज अंडी सोडाल, उद्या गादी सोडाल!" पालथ्या घड्यावर पाणी. बाई परत फिरल्या.

मग तिसऱ्या प्रहरी कोल्हा पुन्हा टेकाडावर दिसला. बाईंनी हाक दिली आणि घरट्याकडे आल्या, तो यजमान टिटवोजी अंड्यांकडे निघालेच होते. बाई आडव्या जाहल्या.

"अहो, तिकडे जाऊ नका."

"राजाज्ञा आहे."

"आज्ञा राहील हो, पोरं राहायची नाहीत! उडा म्हणते ना!"

टिटवोजी उडाले, आणि कोल्ह्याची मान त्या अंगास वळू लागली, तोच बाई ओरडत उलट दिशेस धावल्या आणि उघड्या गोट्यांवर पंख पसरून उभ्या राहिल्या. कोल्हा धावून आला, तोंड घालतो तो नुसते दगड. मग बाई पंख मोडल्यागत ओढीत पुढे, आणि कोल्हा मागे, त्याचा श्वास शेपटीस लागे इतका जवळ. मागे वळून पाहावे ऐसे फार वाटे, परंतु नजरच चुगली करील म्हणून पाहिले नाही. ऐसे करीत त्यास ओढ्यापार नेले आणि मग उडाल्या.

दुसरे दिवशी दरबार भरला. मोरमहाराज संतापून बोलिले, "आई असोन अंडी टाकून पळालीस? आहेत तरी कोठे? दाखव, गुन्हा माफ करितो." बाईंनी सांगावयास चोच उघडली, तो करवंदीच्या जाळीत दोन कान दिसले. कोल्हा दरबार ऐकत होता. सांगावे तर पोरे जातात, न सांगावे तर अब्रू जाते. बाई म्हणाल्या, "अंडी नाहीत महाराज. मीच टाकली."

सभेत धिक्कार जाहला. लावीण, जिची अंडी गेली होती, ती रडत म्हणाली, "आम्ही गेलेल्यांसाठी रडतो, आणि ही मेली हाती असलेली टाकते!" टिटवोजींची मान खाली गेली. मग आज्ञा जाहली की, टिटवीने यापुढे काडीचे घर करू नये आणि तिचा शब्द सर्वांनी अशुभ मानावा. दोघांनी मुकाट्याने घरट्याचे गवत उपटून फेकिले. अंडी गोट्यांत तैशीच राहिली, गोट्यांच्याच रंगाची, आणि कोल्हा शेजारून गेला तरी त्यास उमगले नाही.

तेव्हापासून टिटवी घर बांधीत नाही, आणि जेथे ओरडते तेथे तिचे काही नसते, आणि तिची हाक ऐकोन माणसेही थुंकतात. बाईंस हे फार लागले, नाही ऐसे नाही.

तात्पर्य हकीकत इतकीच. राज्याने शिरस्ता राखिला, महाराजांनी न्याय राखिला. त्या साली माळावरून पोरे उडाली ती चार, आणि चारही टिटवीची.