आवाज दाबणारी नळी

कायद्याशी आपण सरळ वागलं की कायदाही आपल्याशी सरळ वागतो, असं इवर्ट डॉड ज्याला-त्याला ऐकवत असे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या नॉर्थम्बरलंडच्या डोंगरात त्याची मेंढरं होती, कोल्ह्यांसाठी परवान्याची रायफल होती आणि परवान्यावर उभ्या जन्मात एक डाग नव्हता!

त्या रायफलीने कोल्हे मरत, पण इवर्टचे कानही मरायला टेकले होते. बायको हिल्डा जेवायला हाका मारून थकली की शेवटी कुत्र्याला पाठवायची. म्हणून त्याने मॉडरेटर घ्यायचं ठरवलं. रायफलीच्या तोंडाला लावायची वीतभर नळी, तिने गोळीचा आवाज बराच दबतो. पण रायफलीचा परवाना असला तरी नळीची त्यावर वेगळी नोंद लागते. दुकानदाराने नळी लांबूनच दाखवली. इवर्टने पोलिसांकडे अर्ज धाडला. पानगळ झाली, बर्फ पडून वितळलं, मेंढ्या व्यायला आल्या. अर्ज आपला जागच्या जागी.

ही रड त्याने फोनवर लेकीला ऐकवली. विनी न्यूझीलंडला दिलेली. तिकडे असली नळी दुकानात गमबुटांशेजारी मांडलेली असते. पोरीला बापाच्या कानांची कणव आली आणि तिने लोकरी मोज्यांत गुंडाळून एक नळी पाठवून दिली.

पार्सल उघडल्यावर हिल्डा म्हणाली, "मोजे घाल, नळी तळ्यात टाक आणि गप बस."

"लपवाछपवी डॉडांच्या रक्तात नाही."

"डॉडांनी पिढ्यान्‌पिढ्या स्कॉटलंडची गुरं पळवली, आणि तुला आज सचोटी आठवली होय?"

इवर्टने स्वतः पोलिसांना फोन केला. शाबासकी मिळणार याची त्याला खात्री होती. दोन पोलिस आले, चहा प्याले, हिल्डाने केलेला आल्याचा केक खाल्ला आणि जाताना नळी घेऊन गेले. सोबत रायफलही नेली. परवान्याबाहेरची वस्तू घरात सापडली, तेव्हा चौकशी संपेपर्यंत हत्यार ठेवता येणार नव्हतं.

"अहो, पण मीच तर तुम्हाला बोलावलं," इवर्ट म्हणाला.

"म्हणूनच तर सापडली," थोरला पोलिस हळहळून म्हणाला.

कोल्ह्याची चौकशी कोण करणार? शेजारच्या रॉब्सनकडे रायफल होती, पण तो स्वतःच्याच कोकरांपाशी अडकलेला. इवर्ट पातेलं बडवत कुरणभर फिरला. कोल्हा दोन दिवसांत त्या आवाजाला सरावला, इवर्टचे उरलेसुरले कान मात्र गेले. कोकरं एकामागून एक जात राहिली आणि त्याने हाताने दूध पाजून जगवलेलं शेवटचंही गेलं. त्या दिवशी तो माणूस रडला.

दुसऱ्या दिवशी थोरला पोलिस खुशीत आला. नळीचा अर्ज मंजूर झाला होता. रायफलीचं काय, असं हिल्डाने विचारलं. ते टेबल वेगळं, तिथे चौकशी अजून चालू आहे, असं तो म्हणाला. कुंपणापाशी मेंढ्या पिल्लांसाठी इतका टाहो फोडत होत्या की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"काय म्हणतोय हा?" इवर्टने विचारलं.

हिल्डाने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "आता तुझे कान वाचतील म्हणतोय."