डाव्या चाकामागचं निपल

सुटे भाग जोडून घरीच गाडी बांधायला घेतली, तेव्हा ऑब्री थ्रेलफॉलने बायकोला शब्द दिला होता, की पहिली फेरी तुझ्यासोबत, थेट व्हिटबीच्या समुद्रापर्यंत. त्याला अकरा वर्षं झाली. आज लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता आणि डोरीनने सकाळीच सांगून टाकलं होतं, "बाराच्या आत निघालो तर गाडीने. नाहीतर मी बसने जाते, आणि येताना गाडी विकायची जाहिरात देऊन येते."

राहिलं होतं फक्त ग्रीस. पुढच्या सस्पेन्शनची तीन निपलं, म्हणजे सांध्यांत ग्रीस दाबायची बारीक तोंडं, झटक्यात झाली. चौथं, डाव्या चाकामागचं, बसवतानाच उलटं बसलेलं, आत तोंड करून रुसलेलं. कंपनीला शिव्या घालाव्यात, तर कंपनी ऑब्रीच. गाडी जॅकवर चढवून चाक काढलं, तरी ग्रीसगन पोचेना. रबरी नळी जोडली, ती सटकली आणि पाव डबा ग्रीस चष्म्यावर आलं. शेवटी त्याने हातच आत घातला. स्प्रिंगच्या मागे घड्याळाचा पट्टा अडकला आणि हात पुढेही जाईना, मागेही येईना.

काही वेळ त्याने धडपड केली. मग तो गवतावर निवांत पडून राहिला. ग्रीस माखलेल्या काचांतून आभाळ लोण्यासारखं दिसत होतं, लव्हेंडरवर मधमाशा गुणगुणत होत्या. इथेच समुद्र आला तर किती बरं, असं त्याला वाटत होतं.

"साडेअकरा झाले," चहाचा कप घेऊन आलेली डोरीन म्हणाली. "झोपलास की काय?"

"अडकलोय."

"अकरा वर्षं अडकलायस. आज नवीन काय?"

"हात अडकलाय गं!"

तिने वाकून पाहिलं. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि स्टिअरिंग हलू नये म्हणून बांधलेली दोरी सोडू लागली.

"हात लावू नकोस!" ऑब्री किंचाळला. "तीन आठवडे सुतळ्या ताणून चाकं सरळ केलीत मी!"

"मग राहा तसाच. मी बसने जाते."

ऑब्रीने मान डोलावून डोळे मिटून घेतले. तिने स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं. आतली फट उघडली, हात अलगद बाहेर आला आणि मागोमाग ते रुसलेलं निपलही वळून समोर आलं. ऑब्रीने त्यात ग्रीस भरलं, चाक चढवलं, गाडी खाली उतरवली.

"हं, सरक आता," तो म्हणाला.

"कुठे? रोज चहा आणला की तू मला क्लच-ब्रेकवर व्याख्यान देतोस. सगळं पाठ झालंय माझं. बस तिकडे."

बारा वाजायला पाच मिनिटं होती. ऑब्री गुडघे हनुवटीला टेकवून बाजूच्या सीटवर बसला.

माळ ओलांडून उतार लागला आणि खाली समुद्र चमकला. हा रस्ता ऑब्रीने शेडमध्ये बसून मनातल्या मनात हजारदा कापला होता, पण दर वेळी त्याचं लक्ष रस्त्यावर असायचं. आज पहिल्यांदाच त्याला डोरीन दिसली. उघड्या गाडीत तिचे केस उडत होते आणि ती मोठ्याने हसत होती. त्याला एकदम फार बरं वाटलं.

"ऑब्री!" ती वाऱ्यात ओरडली. "ब्रेक मारला की थांबते ना रे ही?"

"बहुतेक थांबेल," तो म्हणाला. "पण एवढ्यात मारू नकोस."