एका डोक्याचे चार भाग

मी रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. एकोणीस वर्षं झाली. रंग भिंतीवर किती टिकेल हे मी नुसता डबा हलवून सांगतो. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, केस नीट करायचा तो गरम ब्रश घ्यायचाय, जरा बघता का?" तेव्हा मला हसूच आलं. बघता का म्हणे! असल्या कामासाठीच तर आपला जन्म आहे!

बायको शाळेत गणित शिकवते. सोमवारी अकरा वाजता मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. चौदा वर्षं तिनं या दिवसाची वाट पाहिली होती. तिचे केस मानेपर्यंतच आहेत, पण सकाळी उठल्यावर दाही दिशांना जातात. मुलाखतीच्या दिवशी तरी ते ताळ्यावर असावेत, एवढंच तिचं म्हणणं.

दुसरा कुणी दुकानातून एक ब्रश उचलून आला असता. मी तीन आणले. एक चपटा, एक गोल आणि एक गरम हवा सोडणारा. दहा दिवसांत परत करायची सोय होती.

आता पद्धत ऐका. आमच्याकडे भिंतीचे चार भाग करतात. तीन भागांवर तीन रंग लावायचे आणि चौथा तुलनेसाठी कोरा ठेवायचा. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी बायकोला खुर्चीत बसवलं आणि कंगव्यानं डोक्याचे चार भाग पाडले.

"आरसा कुठं गेला?" तिनं विचारलं.

"आत ठेवलाय. मध्येच बघितलंस तर निकालावर परिणाम होतो."

एरवी तिनं हे चालवून घेतलं नसतं. पण ती वहीत तोंड खुपसून उत्तरं घोकत होती, त्यामुळे मला रान मोकळं मिळालं. पुढून डावीकडे चपटा, उजवीकडे गोल, मागं डावीकडे गरम हवा. मागचा उजवा भाग कोरा. प्रत्येकाला घड्याळ लावून वीस मिनिटं. चमक, मऊपणा, टिकाऊपणा असा तक्ताही आखला होता. काम इतकं देखणं चाललं होतं की साहेबांनी येऊन बघावं असं वाटत होतं.

तेवढ्यात आई आली. तिनं सुनेच्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिकामी खोकी उचलली.

"अरे, यावर लिहिलंय, केस सरळ करण्यासाठी. यावर, कुरळे करण्यासाठी. आणि यावर, फुगवण्यासाठी. तिन्हींची कामंच वेगळी. तू पहिला नंबर कुणाला देणार आहेस?"

खोकी मी वाचलीच नव्हती. कारखान्यात आम्ही तपासणीआधी डब्यावरचं लेबल झाकतो, मन कलुषित होऊ नये म्हणून.

बायकोनं वही मिटली आणि ती आत गेली. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं.

बाहेर आली तेव्हा डावीकडचे केस इस्त्री केल्यासारखे खाली आले होते. उजवीकडे नुसत्या स्प्रिंगा. मागं एका बाजूला कोबीचा गड्डा आणि दुसऱ्या बाजूला सकाळी उठली तशीच ती.

"मी रडणार नाहीये," ती म्हणाली. "सव्वादहा झालेत. सगळं एकसारखं करून द्या."

मी ठणकावून सांगितलं, "पाच मिनिटांचं काम!" आणि कोणता लवकर तापतो ते कळावं म्हणून तिन्ही ब्रश एकाच बोर्डाला लावले. फट्कन आवाज झाला आणि घरातली वीज गेली.

"घ्या, लागला निकाल," आई म्हणाली.

केस धुवावेत तर वाळवायला वेळ नाही. चिमटा लावला, तर कोबीनं तो उडवून लावला. शेवटी बायको तशीच निघाली.

अडीचला परतली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "झाली निवड."

"काय सांगतेस! केसांचं काही विचारलं?"

"पहिला प्रश्न तोच. मी खरं ते सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, अशा अवस्थेत वेळेवर येऊन जी शांत बसते, तिला आठशे पोरं काय घाबरवणार?"

"म्हणजे बघ, एका अर्थी माझ्यामुळेच..."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य मी गिळलं. मग ती म्हणाली, "शाळेत लावायला लगेच फोटोही काढून घेतला त्यांनी."

गेल्या आठवड्यात ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला शाळेत गेलो. दारातच आजवरच्या मुख्याध्यापकांच्या फोटोंची रांग आहे. शेवटचा फोटो तिचा, चांगला हातभर मोठा. अर्धं डोकं सरळ, अर्धं कुरळं. मी बघत उभा राहिलो तसा शिपाई जवळ आला.

"आमच्या नव्या बाई. माणूस म्हणजे सोनं," तो म्हणाला. "नवरा मात्र जरा अर्धवट आहे म्हणतात. बायकोच्या डोक्यावर प्रयोग करतो. आपण कोण?"

"मी?" मी हातातला चष्मा पुढं केला. "मी चष्म्याच्या दुकानातून आलोय."