उत्तमकाकांची खातरजमा

आमच्या शेजारचे उत्तमकाका फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नाहीत, समोरच्याची परीक्षा घेतात. सख्ख्या बहिणीने मुकुटबनहून फोन केला, तरी आईचं माहेर कोणतं हे सांगितल्याशिवाय तिला पुढे बोलता येत नाही. एकदा तिने चिडून फोन ठेवला, तर काका खूश. चोरटी बाई पळाली म्हणाले.

पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरकवड्यातल्या आमच्या गल्लीला सावध करायचं काम अंगावर घेतलं. पासवर्ड टाकताना ते खांद्यावरचा दुपट्टा फोनवर ओढतात. विहारात वंदना झाली की सगळ्यांना थांबवून सांगतात, ओळखीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर आधी त्याच्या घरी जा, त्याचं तोंड पाहा. “पयले खात्री, मंग खातरदारी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही हसायचो, पण ऐकायचो.

परवा सकाळी गल्लीत सगळ्यांना काकांच्याच नंबरवरून मेसेज आला. दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा. शिकवल्याप्रमाणे आम्ही सगळे त्यांच्या दारात जमलो. काका अंगणात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते. आम्ही मेसेज दाखवला, तसे ते उठले, आत गेले आणि कडी लावून घेतली.

दुपारी मी मागच्या दाराने गेलो. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्याकडे न पाहताच त्यांनी सांगितलं, की फोनवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली होती. ती उघडली आणि त्यांचं व्हॉट्सॲप चोरांच्या हाती गेलं. असल्या फाइली उघडायच्या नाहीत, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

“मग तुम्ही काहून उघडली, काका?”

काकांचा मुलगा प्रशांत हैदराबादला असतो. सरकारी नोकरी सोडली म्हणून काका त्याला नको ते बोलले, तेव्हापासून बोलणं बंद. त्याचं लग्न ठरल्याचं उडत उडत काकांच्या कानावर आलं होतं.

“मले वाटलं, त्यानंच धाडली,” काका म्हणाले.

तक्रार मी लगेच नोंदवली. कोणाचे पैसे तर गेले नाहीत ना, असं विचारलं. काका उठून बसले.

“प्रशांतचे गेले. तुमी सारे इचारायले आले. त्यानं काईच इचारलं नाई, मेसेज पाह्यला अन् धाडून देले. मंग त्याचा फोन आला, कोन्त्या दवाखान्यात हाये म्हनून. म्या तसाच फोन ठेवून देला.”

मी प्रशांतला फोन लावला. तो केव्हाच बसमध्ये बसला होता.

संध्याकाळी तो घामाघूम होऊन आला. काका दारातच उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी बिमार नाई रे, बाबू,” एवढंच म्हणाले.

प्रशांतने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि बूट न काढताच त्यांच्या पायाशी पायरीवर बसला.