कोपरा नसलेलं घर

सेनगावात आमच्या शेजारी रज्जाकभाई राहतात. त्यांच्या घरातल्या एकाही खिडकीला कोपरा नाही. खिडक्या चांगल्या मोठ्या आहेत, पण चारही टोकं अशी गोल वळवलेली, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं भिंतीत कुणी साबणाच्या वड्या बसवल्यात. कपाटाची दारं तशीच, आरशाची चौकट तशीच. जैनबभाभी ईदला खोबऱ्याची बर्फी करतात, तीही वाटीनं गोल पाडलेली. "चौकोनी कापली तर खातच न्हाईत हे," भाभी सांगतात. रज्जाकभाई त्यावर गंभीरपणे मान डोलावतात.

"कोपरा दगा देतो, ताई. बर्फी असू द्या का विमान."

रज्जाकभाईंचं वेल्डिंगचं दुकान घराला लागूनच आहे. खिडक्या, फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, असं सगळं तिथं बनतं. मी इथल्या शाळेची मुख्याध्यापिका. कामांची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही आणि यादीतलं सगळं खोडल्याशिवाय संपत नाही. आमचं स्वयंपाकघर नव्यानं बांधलं तेव्हा यादीत एक साधी ओळ होती : खिडकी, रज्जाकभाई. ती ओळ मी आजवर पूर्ण खोडू शकलेले नाही. खिडकी आली ती साबणाच्या वडीसारखी. तिला बाजारातली तयार काच बसेना, डासांची जाळी बसेना. हिंगोलीच्या काचवाल्यानं माप पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ही खिडकी हाय का परात?"

मी तरातरा दुकानात गेले. रज्जाकभाईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा वर केला आणि म्हणाले, "बसा. चहा घ्या. कॉमेट मालूम हाय का?"

मला कॉमेट मालूम नव्हतं. भांडायला गेलेली मी संध्याकाळ होईपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून होते.

ती गोष्ट त्यांना आयटीआयत शिकत असताना त्यांच्या वेल्डिंगच्या मास्तरांनी सांगितली होती. पुढं मोबाईल आल्यावर त्यांनी तिच्यात बरीच भर घातली. कॉमेट हे जेट इंजिनावर उडणारं जगातलं पहिलं प्रवासी विमान. तोवरची विमानं पंख्यांवर चालायची, खडखडायची. हे ढगांच्याही वरून, पाण्यावरून बदक जावं तसं जायचं. "लई देखणं विमान," रज्जाकभाई म्हणाले, नि त्यांनी हवेत हात असा फिरवला की मला त्या बाकड्यावरून विमान दिसलं. आणि मग ही देखणी विमानं उडता उडता आभाळात फुटायला लागली. वादळ नसताना. माणसांसकट.

"आता आपल्याकडं काय करतेत?" त्यांनी विचारलं. "वळणावर जीप उलटली. लोक म्हणतेत जागाच खराब हाय. नारळ फोडतेत, लिंबू-मिरची बांधतेत, दुसऱ्या रोजी त्याच वळणावरून तशीच जीप भरून नेतेत. त्या विमानवाल्यांनी काय केलं? विमान पडलं त्या समुंदरात उतरले. तळातून तुकडे काढले. तुकडा तुकडा लाकडाच्या सांगाड्यावर लावला, विमान पुन्हा उभं केलं."

नंतर त्यांनी तसंच एक धडधाकट विमान पाण्याच्या मोठ्या हौदात बुडवलं. आत पाण्याचा दाब भरायचा आणि सोडायचा. एक वेळ भरला आणि सोडला की विमान एकदा आभाळात जाऊन आलं असं समजायचं. दाब भरला, दाब सोडला. रोज. थकायचं नाही. आणि एक दिवस ते विमान हौदातच फाटलं. चीर निघाली होती कोपऱ्यातून. खिडकीसारखी भोकं पाडलेली असतात, त्यांच्या कोपऱ्यातून.

"समदा ताण कोपऱ्यात जमा होतो, ताई. दिसत न्हाई. रोज थोडा थोडा."

मी पुष्कळ अहवाल वाचले आहेत, लिहिलेही आहेत. समुद्राच्या तळातून उत्तर शोधून आणणाऱ्या त्या माणसांबद्दल ऐकताना मात्र माझा चहा हातात गार झाला. घरी येऊन मी जाळी सुईदोऱ्यानं खिडकीला शिवून टाकली. ती आजही तशीच आहे.

हे ज्ञान रज्जाकभाई फक्त लोखंडापुरतं ठेवत असते तर त्यांच्यावर लिहायची वेळ आली नसती. ते कॉमेटचे अपघात सगळ्या गावाला लावतात. ते विमान सुरुवातीला उड्डाणाच्या वेळीही पडलं होतं. नाक फार वर उचललं की पंख हवा धरायचे नाहीत आणि विमान जमिनीवरच घसरत जायचं. आमच्या गल्लीतले एक पुढारी निवडून आल्यावर कुणाशी बोलेनासे झाले. फाटकाचं काम घेऊन दुकानात आले तेव्हा रज्जाकभाईंनी चहा पाजला आणि अगदी काळजीनं सांगितलं, "साहेब, नाक जरा खाली. धावपट्टी संपून राहिली." पुढाऱ्यांना काही कळलं नाही. फाटक मात्र त्यांनाही गोलच मिळालं.

नवराबायकोची भांडणंही त्यांच्याकडे येतात. ते चूक कुणाची हे विचारत नाहीत. "चीर कुठून पडली?" एवढंच विचारतात. आणि माणसं खरंच मागं मागं जात शेवटी साखरपुड्यात आलेल्या साडीच्या रंगापर्यंत पोचतात. मोडलेली वस्तू तर ते कुणाला फेकूच देत नाहीत. दुकानाची एक भिंत तुटलेल्या बिजागऱ्या, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हूक यांनी भरली आहे, प्रत्येकावर चिरेच्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका. शिरड शहापूरजवळ एका ट्रॉलीचा हूक तुटून सोयाबीनची पोती रस्ताभर झाली, तेव्हा सगळे पोती उचलत होते आणि रज्जाकभाई बाभळीखाली हुकाचा दुसरा तुकडा शोधत होते.

त्यांचं सगळंच बरोबर निघतं असं नाही. आमच्या शाळेच्या फळ्याला त्यांनी गोल चौकट केली, तेव्हा फळा तिच्यात बसेना म्हणून त्यांनी फळ्याचेच कोपरे कापले. सुविचार लिहायची जागा गेली. "मुलांना कमी सुविचार पुरतेत," म्हणाले.

त्यांची आणखी एक सवय गावाच्या चेष्टेचा विषय होती. ते आणि भाभी कधी एका गाडीतून प्रवास करत नसत. औंढ्याला लग्न असो का हिंगोलीला दवाखाना, भाभी पुढं एसटीनं जाणार, रज्जाकभाई मागून जीपनं. मुलगा सलीम कधी भाभींबरोबर, कधी त्यांच्याबरोबर. स्टँडवर पोरं विचारायची, "काहून चाचा, चाचीनं आज बी उतरवून देलं का?"

"तिला खिडकीची जागा लागते," चाचा म्हणायचे. "मला बी लागते. भांडण काहून करावं?"

सलीम त्यांचा एकुलता मुलगा. तिशी ओलांडलेला, उंचापुरा, दाढी राखलेला. पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराची. चांगला हसरा आहे. फक्त अचानक मोठा आवाज झाला की कान झाकून खाली बसतो, आणि मग बराच वेळ उठत नाही. मागच्या दिवाळीनंतर तो आमच्याकडे येऊ लागला. रज्जाकभाई कुंपणापाशी उभे राहून म्हणायचे, "ताई, जरा सलीमला बसवता का? दुकानात माल उतरवून घ्यायचा हाय." तासाभरात घेऊन जायचे. मग कधी, "भाभीच्या भाचीचं बारसं हाय." कधी, "घरी लाईट न्हाई." ती आमच्याकडेही नसायची, पण मी काही बोलले नाही. तास वाढत दुपारवर गेला, दुपार दिवसावर. पावसाळ्यात तर दोघं सिद्धेश्वरला पाहुण्यांकडे गेले, अर्थात वेगवेगळ्या गाड्यांनी, आणि सलीम दोन रात्री आमच्याकडेच झोपला.

मला त्याची अडचण नव्हती. त्याला कालथ्यानं हलवायचं काम दिलं की तो तासन्‌तास खूश. कुकरची शिट्टी झाली की मात्र सगळं सांडायचं, म्हणून तो असला की मी वरण पातेल्यातच शिजवायचे. वेळ जास्त लागतो, पण फरशी पुसायचा वेळ वाचतो. हिशेब सरळ होता.

यंदा गावातून काहीजण उमऱ्याला निघाले. जैनबभाभींनी कित्येक वर्षांपासून मक्केला जायचं मनात धरलं होतं. पैसे साठवले होते, पासपोर्ट काढले होते. आणि रज्जाकभाई रोज एक नवी सबब सांगत होते. गुडघा दुखतो. काम अडकलंय. गर्मी लई असते. गावानं निकाल लावून टाकला : जन्मभर विमानाचे अपघात घोकले, आता विमानात बसायला माणूस घाबरतो.

भाभी माझ्याकडं आल्या त्या रागानं लाल होऊन. "बाई, तुम बोलो उनको. मैं बोली, तुम नहीं आते तो मैं अकेली जाती. तो बोले, जा, मैं अगले साल जाता. अल्ला के घर को भी अलग-अलग गाडी से जाना क्या?" आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

हे काम माझ्या पद्धतीचं होतं. मी कागद-पेन घेतलं, लसीकरण, औषधं, बॅगा, हैदराबादपर्यंतची जीप अशी यादी केली आणि दुकानात गेले. रज्जाकभाई एका खिडकीचा कोपरा घासत बसले होते.

"रज्जाकभाई, समुद्रातून तुकडे काढणाऱ्या माणसांवर तुमचा विश्वास आहे की नाही?"

"हाय की."

"मग आज विमान सुरक्षित आहे ते त्यांच्यामुळंच ना? घाबरता कशाला?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "विमानावर मला शक न्हाई, ताई. एसटीवर हाय, जीपवर हाय. विमानावर न्हाई."

"मग?"

त्यांनी त्या भिंतीकडे, पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहिलं. म्हणाले, "तुमाला अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्या अपघातांनंतर लोक आणखी एक अक्कल शिकले. चीर कधी ना कधी पडणारच, हे धरून चालायचं. म्हून विमान असं बांधायचं की एक पट्टी तुटली तर तिचा भार बाजूच्या पट्टीनं घ्यावा. आतली माणसं घरी पोचली पाह्यजेत." त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवली. "आमी दोन पट्ट्या हाव. मी अन्‌ जैनब. आतमधी सलीम हाय. डॉक्टरनं त्याचं सांगितलं त्या दिवसापासून आमी एका गाडीत बसलो न्हाई. एक गेलं तर एक राहावं. आता दोन्ही पट्ट्या एकाच विमानात कशा चढवू?"

स्टँडवरची पोरं, ते हसणं, मीही त्यात हसले होते ते, सगळं माझ्यापुढून गेलं. हातातली यादी मला एकदम फार हलकी वाटली.

"भाभींना हे माहीत आहे?"

"तिनंच ठरवलं होतं माझ्यासंगं. पण आता थकली ती. म्हणते, एक बार तो बाजू में बैठो." ते किंचित हसले. "म्हून मागच्या दिवाळीपासून तपासून राहिलो होतो."

"काय तपासत होता?"

"तुमचं घर."

मी यादीवरून मान वर केली.

"तासभर ठेवला, आणला. दिवसभर ठेवला, आणला. दाब भरला, दाब सोडला. कुठं चीर पडते का पाहून राहिलो. माफ करा, ताई, विचारायची हिंमत न्हवती. कुणी बी तोंडावर हो म्हणतंय." त्यांनी कानस पुन्हा उचलली, पण घासलं काहीच नाही. "सलीम घरी आला की त्याचे हात हुंगायचो. वरणाचा वास यायचा. पण त्यानं एक बार बी कान झाकून दाखवले न्हाईत. सिट्टी झाली असती तर दाखवले असते. मंग जैनब कुंपणाकडून पाहून आली. म्हणली, बाई कुकर काढून ठेवती."

मी मुख्याध्यापिका आहे. कुठल्याही तपासणीला मी आठ दिवस आधी तयारी करते. ही तपासणी वर्षभर चालली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मी यादी समोर धरली आणि तिच्यात सगळ्यात वर एक ओळ लिहिली : सलीम, आमच्याकडे. कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो वाचला, मुखवटा तोंडावर ओढला आणि बंद मशीनसमोर तसेच बसून राहिले. मी घरी आले.

निघायच्या दिवशी गल्ली जमली, हार झाले, गळाभेटी झाल्या. जीपमध्ये आधी भाभी बसल्या. रज्जाकभाई सवयीनं मागच्या जीपकडे वळले, थांबले, आणि परत येऊन भाभींच्या शेजारी बसले. स्टँडवरचं पोरगं ओरडलं, "चाचा, आज एकाच गाडीत?" भाभी सरकून मध्ये आल्या आणि खिडकीची जागा त्यांना दिली. सलीम आमच्या फाटकातून हात हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकाला लागले असताना विमानातून फोन आला. दारं बंद व्हायची होती, मागून सूचना ऐकू येत होत्या.

"ताई, हात फिरवून पाह्यला. कोपरा न्हाई."

"छान. भाभी?"

"बाजूला बसली." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू समुद्राच्या तळातून काही अखंड वर आलं होतं. मग विचारलं, "सलीम काय करून राहिला?"

"वरण हलवतोय."



"पातेल्यात ना?"

"पातेल्यात," मी म्हटलं. "तुम्ही पट्टा बांधा."