घरपोच बादशाहीची आणि विहिरींत लोंबकळल्या नायिकेची बखर

श्रीगजानन प्रसन्न. जो पुस्तक वाचितो त्यासि बुद्धी होवो, जो नुसतेंच मागवितो त्यासिही थोडकी होवो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, अमुक एका राज्यांत विसाजीपंत कारखानीस म्हणोन गृहस्थ नांदत होते. वाचनाचा षौक दांडगा, परंतु वृत्ती फुकटी. पेठेंत भिवराबाई तांबट यांचें पुस्तकांचें दुकान. तेथें पंतांनीं नित्य जावें, उभ्यानेंच वाचावें, खुणेस पान दुमडावें, आणि मग दुकानाच्या पायरीवरच फोन काढोन तेंच पुस्तक घरपोच बादशाहाकडोन स्वस्तांत मागवावें. बाई एकदां बोलिल्या, "पंत, स्टूल देऊ का?" पंत बोलिले, "नको, मला उभ्यानं वाचायची सवय आहे." ऐसा निलाजरा मनुष्य! बादशाहाचा प्रताप मात्र थोर. बोट लावावें तों स्वार दारीं उभा, आणि सुई मागविली तरी खोका एवढा कीं आंत म्हैस निजावी. मग रयत आळसावली आणि पेठ ओस पडत चालली.

पंतांच्या मातोश्री बयोबाई, दृष्टी गेलेली. पंतांनीं रोज दुपारीं कादंबरी वाचोन दाखवावी, हाच त्यांचा विसावा. कादंबरीचे खंड तीन. दुसऱ्याचे अखेरीस खलपुरुषानें नायिका दुर्गाऊ विहिरींत लोटिली. तिसरा खंड भिवराबाईंपाशीं होता. पंतांनीं चार पानें उभ्यानें चाळिलीं, रिवाजाप्रमाणें दुमडिलीं, आणि वर बोलिले, "दुमडलेली प्रत आम्ही घेत नाही!" मग बादशाहाकडोन फोनांतलें पुस्तक घेतलें. घरीं वाचन चाललें, दुर्गाऊनें दोर धरिला, दोराचा पीळ सुटूं लागला, आणि पडदा पांढरा जाहला! वर फर्मान उमटलें : "सदर पुस्तक मागे घेण्यात आले आहे. आपण पुस्तक नव्हे, वाचण्याची परवानगी घेतली होती." पंतांनीं दरबारीं गाऱ्हाणें घातलें, तों यंत्र वदलें, "आपण आम्हांस मोलाचे आहात. आपल्याला विहिरीचा पंप हवा आहे का?" पंतांचा संताप मस्तकीं गेला, परंतु यंत्रास शिव्या कळेनात.

इकडे मातोश्रींनीं ताट सारिलें. "विश्या, मेल्या, ती पोर पाण्यावर लोंबकळतेय आणि तू भात कालवतोस? ती वर आल्याशिवाय मी घास घेणार नाही!" रात्रींही ताट तैसेंच परतलें. सकाळीं पंत धांवत पेठेंत गेले आणि म्हणाले, "बाई, तिसरा खंड द्या. तो ऐकल्याशिवाय आई जेवत नाही. दुमडलेला चालेल."

बाईंनीं खंड काढिला. "हो, दुमडलेला म्हणूनच उरलाय, कुणी घेईना. विकायचा नाही. आईंना इथं आणा आणि ऐकवा."

मग बयोबाईंची स्वारी रिक्षांतून आली. त्यांस खुर्ची दिधली. पंत बसावयास स्टूल शोधूं लागले, तों बाई बोलिल्या, "तुम्हाला तर उभ्यानं वाचायची सवय आहे ना?" मातोश्री म्हणाल्या, "वाच रे, आणि तोंडातल्या तोंडात नको." पंत वाचिते जाहले, रस्त्यावरील माणसें थांबलीं, आणि दुपार कलतां दुर्गाऊ विहिरीबाहेर आली. मातोश्रींनीं तेथेंच डबा उघडिला आणि भाकरीचा पहिला घास घेतला. पंत मटकन् पायरीवर बसणार, तों त्या बोलिल्या, "ऊठ! या मंडळींना पहिले दोन खंड कोण ऐकवणार?"

एवंच, बादशाहास खबरही नाहीं, दुर्गाऊ सुखरूप आहे, मातोश्री पोटभर जेवितात, आणि विसाजीपंत अद्याप उभेच आहेत. जैसें घडलें तैसें लिहिलें.